क्रिप्टोचा दुष्काळ आणि आमची भिशी



इस्राएलात आलेल्या आपल्या बेने इस्राएल घरांतून हायटेकमध्ये गेलेली मुलं आता काही कमी नाहीत. आईवडिलांनी कारखान्यात, बंदरावर, इस्पितळात नोकऱ्या केल्या आणि पोरं संगणकापुढे बसली. त्यांतली काही या क्रिप्टोच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या नाण्यांच्या धंद्यात आहेत. २०२२ साली त्या धंद्यात मोठी मंदी आली. तिचे चटके तेल अवीवच्या काचेच्या इमारतींत बसले, तसे अशदोद, लोद, रामला इथल्या आपल्या साध्या घरांनाही बसले. त्याबद्दल आपल्यात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. पोरगा बेकार झाला तर आई सांगते, "घरून काम करतो." म्हणून आमच्या घरात जे घडलं ते लिहावं असं आम्ही ठरवलं.

आम्ही म्हणजे अशदोदमधली तीन घरं. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, आणि पलीकडच्या रस्त्यावर राहणारे आमचे व्याही. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी वाचून दुरुस्त केलं. आमच्यात अर्थशास्त्र शिकलेलं कोणी नाही. पण आमच्या थोरल्या वहिनी वीस वर्षांच्या वर बायकांची भिशी चालवत आहेत आणि आजवर एका शेकेलचाही घोळ झालेला नाही. तेव्हा पैशाविषयी दोन शब्द बोलायचा अधिकार आम्हालाही आहे असं आम्ही समजतो.

आधी क्रिप्टो म्हणजे काय ते आम्हाला जसं समजलं तसं सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढे जावं. भिशीची वही डोळ्यांपुढे आणा. कोणी किती भरले, कोणाची पाळी झाली, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. आपली वही एकीच्या घरी असते. बिटकॉइनची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते, म्हणून कोणा एकाला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. २००९ च्या जानेवारीत ही वही सुरू झाली. तिच्या पाठोपाठ ईथर आणि अशीच आणखी हजारो नाणी निघाली. वही पक्की असते हे खरं. पण वहीत लिहिलेल्या नाण्याचा भाव काय, हे वही सांगत नाही. तो बाजार सांगतो, आणि हा बाजार कोथिंबिरीच्या बाजारासारखा आहे. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा.

या धंद्यात आपला चिमुकला देश मागे नव्हता. २०१७ च्या जूनमध्ये तेल अवीवच्या बँकोर कंपनीने आपली नाणी लोकांना विकून तीन तासांच्या आत सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलर गोळा केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सिरिन लॅब्ज या कंपनीने क्रिप्टोवाल्यांसाठी खास मोबाईल फोन काढायचा म्हणून १५ कोटी डॉलरच्या वर उभे केले. फोन २०१८ च्या शेवटी निघाला, किंमत ९९९ डॉलर. पण तोवर बाजार बसला होता. २०१७ च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरच्या घरात गेलेला बिटकॉइन वर्षभरात साडेतीन हजारांच्या खाली आला होता. फोन फारसा खपला नाही आणि २०१९ साली कंपनीला माणसं कमी करावी लागली. इतकं झाल्यावर लोक शहाणे होतील असं वाटलं होतं. पण २०२१ साली पैसा पुन्हा धो धो वाहू लागला. त्या वर्षी नोव्हेंबरात बिटकॉइन ६९ हजारांच्या जवळ पोचला.

त्याच हवेत आमच्या भाच्याची कंपनी उभी राहिली. सैन्यातली सेवा झाली, तीन वर्षं दुसऱ्याकडे नोकरी केली आणि २०२० च्या अखेरीस दोन मित्रांना घेऊन त्याने स्वतःचं काम सुरू केलं. कंपनीचं नाव इथे देत नाही. काम असं की इंटरनेटवर माल विकणाऱ्या लहान दुकानदाराला क्रिप्टोतून पैसे घ्यायचे असले, तर ती नाणी चोरीला जाऊ नयेत म्हणून सांभाळणारं सॉफ्टवेअर. एक प्रकारची तिजोरीच म्हणा. २०२१ च्या वसंतात तीन बैठकांत त्यांना बारा लाख डॉलर मिळाले. भाचा तेव्हा आनंदाने सांगत होता की गुंतवणूकदार आमच्या मागे लागलेत, आम्ही त्यांच्या नाही. थोरल्या मामीने विचारलं, "अरे, पण गिऱ्हाइकं किती आहेत तुमची?" तो हसला आणि हिब्रूत म्हणाला, "मामी, ते अजून कोणी विचारलेलं नाही." पोराला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिब्रूतच देतो. ते असो.

२०२२ चा मे महिना उजाडला आणि टेरा नावाचं नाणं कोसळलं. एका नाण्याचा भाव कायम एक डॉलर राहील असं सांगून ते विकलेलं होतं. त्याचा भाव टिकवायला दुसरं नाणं, आणि तेही त्याच लोकांनी काढलेलं. आठवड्याभरात दोन्ही मिळून लोकांचे सुमारे चाळीस अब्ज डॉलर गेले. जूनमध्ये सेल्सिअस नावाच्या कंपनीने लोकांच्या ठेवी अडकवून ठेवल्या. तिने वर्षाला १७-१८ टक्क्यांपर्यंत व्याज देऊ असं सांगितलं होतं. जुलैत तिने दिवाळं काढलं. तिचा प्रमुख अ‍ॅलेक्स मशिन्स्की इस्राएलात वाढलेला. पुढे अमेरिकेच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२५ च्या मे महिन्यात त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स हा बडा बाजारच बुडाला. बिटकॉइन १६ हजारांवर आला. ईथर तर जूनमध्येच ४,८०० वरून हजाराच्या खाली जाऊन आला होता.

त्या दिवसांत चांगल्या-वाईट सगळ्याच कंपन्यांची किंमत कशी उतरली याची दोन उदाहरणं देतो. दोन्ही इथलीच आहेत. ईटोरो कंपनी २०२१ साली १० अब्ज ४० कोटी डॉलरच्या भावाने अमेरिकेच्या शेअर बाजारात जाणार होती. २०२२ च्या जुलैत तो बेत मोडला. २०२३ साली तिने खाजगीत पैसे घेतले तेव्हा किंमत साडेतीन अब्ज धरली गेली. दुसरी कंपनी जीके-८. नाणी सुरक्षित ठेवण्याचं तंत्र तिने बनवलेलं. सेल्सिअसने २०२१ साली ती साडेअकरा कोटी डॉलरला घेतली होती. सेल्सिअस बुडाल्यावर ती लिलावात गेली आणि साधारण चार कोटी चाळीस लाखांना विकली गेली. तंत्र तेच, काम तेच. फक्त मधल्या काळात बाजाराची हवा बदलली होती.

हे आमच्या भाच्याच्या कंपनीलाही लागू झालं. अकरा माणसं, महिन्याचा पगार ठरलेला, आणि बँकेत जेमतेम नऊ महिन्यांचे पैसे. या लोकांत त्याला रनवे म्हणतात. विमानाला उडायला जेवढी धावपट्टी उरली तेवढी. त्यात एका गुंतवणूकदाराने आपला हिस्सा डॉलरात न देता ईथरमध्ये दिला होता, त्याची तर पार माती झाली. दुसऱ्या फेरीचे पैसे देतो म्हणून ज्यांनी तोंडी सांगितलं होतं ते फोन उचलेनासे झाले. गंमत अशी की "नाही" असं कोणी म्हणत नसे. "आत्ता नको." "पुढच्या तिमाहीत बोलू." "दुसरा कोणी पुढे आला तर आम्हीही येऊ." विहिरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या पोरांसारखं झालं. आधी कोण उडी मारतो ते सगळे बघत होते, आणि उडी कोणीच मारत नव्हतं.

जे भेटले त्यांचे प्रश्न आता निराळे होते. गिऱ्हाइकं किती? पैसे देणारी किती? बँकेत किती महिन्यांचं आहे? नाणी कोणाच्या ताब्यात? एकाने पैसे द्यायची तयारी दाखवली, पण अट अशी घातली की उद्या कंपनी विकली गेली तर आधी आपले पैसे दुप्पट घेणार आणि उरलं तर बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. भाचा चिडला. म्हणाला, "गेल्या वर्षी हेच लोक आमच्या दारात उभे होते."

आम्ही त्याला तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगतो. गुंतवणूकदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण तो स्वतःच्या खिशातले पैसे क्वचितच घालतो. त्याच्याकडे पेन्शन फंडांचे, विमा कंपन्यांचे पैसे असतात, म्हणजे फिरून तुमचेआमचेच. आणि २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. एप्रिलपर्यंत बँक ऑफ इस्राएलचा व्याजदर ०.१ टक्का होता. २०२३ च्या मेपर्यंत तो ४.७५ झाला. अमेरिकेतही तेच. बँकेत पैसे ठेवून स्वस्थ बसलं तरी चार-पाच टक्के मिळत असतील, तर माणूस न दिसणाऱ्या नाण्याच्या मागे कशाला धावेल? इस्राएलच्या सगळ्या हायटेकमध्ये २०२१ साली सुमारे २५ अब्ज डॉलर आले होते. २०२२ साली ते १५-१६ अब्जांवर आले आणि २०२३ साली त्याच्याही निम्म्याच्या आसपास. म्हणजे पाणी सगळ्याच नळांचं आटलं. क्रिप्टोच्या नळाला आधी आटलं इतकंच.

तरी दारं सगळ्यांना बंद झाली नव्हती. ज्या मे महिन्यात टेरा बुडालं, त्याच महिन्यात नतान्याच्या स्टार्कवेअर कंपनीला दहा कोटी डॉलर मिळाले. ज्याच्याकडे दाखवायला पक्कं काम आणि आधीचं नाव होतं, त्याला दुष्काळातही पाणी मिळालं. कठीण गेलं ते मधल्यांना. काम चांगलं पण नाव नाही, अशांना. आमचा भाचा त्यांतला.

इथे थोडं मागे जातो. आमच्यातल्या थोरल्यांना १९८३ साल चांगलं आठवतं. तेव्हा देशातल्या बड्या बँका स्वतःचे शेअर लोकांना विकत. खिडकीवरचा कारकून प्रेमाने सांगे, "बचत नुसती ठेवू नका, आमचे शेअर घ्या, हे कधी खाली येत नाहीत." आणि खरंच येत नसत. कारण बँका स्वतःच आपले शेअर विकत घेऊन भाव वर धरून ठेवत. त्याला हिब्रूत वीसूत म्हणत. नव्या ओलेंना काय कळणार? हिब्रू धड वाचता येत नव्हतं, बँकेतला माणूस सांगतो म्हणजे खरंच असणार. आमच्या थोरल्या भावाने पगारातून थोडेथोडे करून घेतले होते. मग ६ ऑक्टोबर १९८३ ला सगळे एकदम विकायला धावले. शेअर बाजार दोन आठवड्यांहून जास्त बंद राहिला. सरकारला मध्ये पडून बँकाच ताब्यात घ्याव्या लागल्या. न्यायमूर्ती बेइस्की यांच्या चौकशी आयोगाने १९८६ साली अहवाल दिला आणि बँकांच्या बड्या साहेबांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. त्यात महागाई अशी की १९८४ साली ती ४०० टक्क्यांच्या वर गेली होती.

एफटीएक्स का बुडाला हे भाच्याने आम्हाला समजावून सांगितलं तेव्हा थोरले भाऊ एकदम म्हणाले, "अरे, ही तर वीसूत!" आणि खरंच तसंच होतं. एफटीएक्सने स्वतःचं एक नाणं काढलं होतं. तिच्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीने ते ढिगाने स्वतःजवळ ठेवलं आणि त्याच्यावर कर्ज काढलं. आपणच छापायचं, आपणच विकत घ्यायचं, आपणच भाव सांगायचा. संगणक नवा आहे, पण खेळ जुनाच आहे. टेराची गोष्टही याहून वेगळी नव्हती. ज्या मालाला बाहेरचा कोणी गिऱ्हाईक नाही, त्याचा भाव म्हणजे घरातल्या घरात मारलेल्या गप्पा.

एफटीएक्स बुडाल्यावर दोन आठवड्यांनी, शब्बाथ संपल्यावर भाचा आमच्याकडे आला. बरोबर त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण. त्याला चार लाख शेकेल पाहिजे होते. तेवढ्यावर चार-पाच महिने निघतील, तोवर कोणीतरी गुंतवणूकदार येईल असा हिशेब. आमच्याकडे एकाजवळ नव्हते, पण नात्यागोत्यातली नऊ-दहा घरं मिळून होऊ शकले असते. इथल्या कायद्याप्रमाणे कंपनीला वर्षभरात ३५ साध्या लोकांपर्यंत पैसे घेता येतात, त्याला सरकारकडे माहितीपत्रक दाखल करावं लागत नाही. म्हणजे घरच्यांकडून घेतलेल्या पैशाची तपासणी कोणी करत नाही. घरच्यांनीच ती करायची.

चहा झाला. भाच्याने लॅपटॉप उघडला. त्यात रंगीत चित्रं, वर जाणाऱ्या रेघा. थोरल्या मामी म्हणाल्या, "तो मिट. कागदावर लिहून दाखव." मग त्यांनी भिशीत नव्या बाईला विचारतात तसे चार प्रश्न विचारले. पैसे आत्ता कुठे आहेत? कोणाच्या सहीने निघतात? महिन्याला येतात किती, जातात किती? आणि उद्या बंद पडलं तर आधी कोणाला मिळणार?

पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याने नीट लिहून दिली. चौथ्याला तो गप्प झाला. मग म्हणाला, "आधी कामगारांचे पगार. मग देणी. मग पहिले गुंतवणूकदार. मग उरलं तर तुम्ही."

ते ऐकून बहिणीने पिशवीतून पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मुंबईहून आलिया करताना आईने तिला दिलेल्या. म्हणाली, "ह्या घ्या, आणि घरावर कर्ज काढते." आम्ही सगळ्यांनी एका तोंडाने नाही म्हटलं. तिने विचारलं, "तुमच्या पोराचं असतं तर?" याला उत्तर नव्हतं आणि आम्ही दिलंही नाही. पाटल्या तिच्या पिशवीत परत घातल्या. ती उठून गेली आणि आठ दिवस तिने फोन केला नाही. आम्हाला ते आठ दिवस फार जड गेले. पैशावरून भावंडं तुटलेली घरं आम्ही मुंबईतही पाहिली आहेत आणि इथेही.

त्या आठ दिवसांत आम्ही ठरवलं ते असं. पेन्शनला, म्हातारपणच्या ठेवीला, केरेन हिश्तालमुतला कोणी हात लावायचा नाही. मिनुसमध्ये जाऊन कोणी द्यायचे नाहीत. प्रत्येकाने तेवढेच द्यायचे जेवढे परत आले नाहीत तरी भाच्याच्या लग्नात आपण हसत नाचू शकू. शेअर घ्यायचे नाहीत, बिनव्याजी कर्ज म्हणून द्यायचे आणि तसं कागदावर लिहून सह्या करायच्या. शेअरवाला रांगेत सर्वांच्या शेवटी असतो, कर्ज देणारा त्याच्या पुढे उभा राहतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाच्याने एका कागदावर हिशेब पाठवायचा. नऊ घरांचे मिळून एक लाख साठ हजार शेकेल झाले. चार लाख मागितले होते. आम्ही त्याला सांगितलं, "एवढेच आहेत. एवढ्यात किती माणसं चार महिने चालतील ते तू ठरव."

त्याने ठरवलं. सात जणांना शिमुआची पत्रं दिली. कामावरून काढण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, त्याची ती पत्रं. पहिलं पत्र सैन्यात त्याच्याबरोबर असलेल्या मित्राला द्यावं लागलं. त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला आला, पण जेवला नाही. तिघे मालक आणि एक इंजिनियर असे चौघे राहिले. मालकांनी पगार निम्मा केला. नाण्यांत ठेवलेलं सगळं विकून शेकेल केले. आणि घरोघर फिरून, म्हणजे फोनवर फोन करून, महिन्याला पैसे देणारी तीन गिऱ्हाइकं मिळवली. दुष्काळात का होईना, पण मामीने २०२१ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं.

चार महिन्यांचे दहा महिने झाले. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा गुंतवणूकदार पुन्हा घाबरले, पण पोरांनी तग धरला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कागद येत राहिला. उन्हाळ्यात एक नवा गुंतवणूकदार पुढे आला. बोलणी झाली, अटी ठरल्या, तिश्रीचे सण झाले की सह्या करायच्या असं ठरलं. आणि सण संपता संपता ७ ऑक्टोबर उजाडला. त्याबद्दल इथे काय लिहावं. चौघांपैकी दोघे मिलुइमला गेले, भाचा त्यांत होता. गुंतवणूकदाराने कळवलं की परिस्थिती निवळेपर्यंत थांबू. पोरगा सुखरूप परत यावा यापलीकडे आम्हीही तेव्हा काही मागत नव्हतो.

तो सुखरूप आला. कंपनी मात्र वाचली नाही. २०२४ च्या वसंतात त्यांनी ती रीतसर बंद केली. आधी पगार आणि पिछुयिम दिले, मग सरकारची आणि इतर देणी. मग आम्ही. शेकेलमागे ५८ अगोरोत परत आले. त्याने ते बँकेतून पाठवले असते तरी चाललं असतं. पण तो नऊ घरी स्वतः गेला, प्रत्येक ठिकाणी बसला, हिशेबाचा कागद समोर ठेवून समजावून सांगितला. पहिल्या गुंतवणूकदारांना काहीच मिळालं नाही. बहीण त्याच्याबरोबर प्रत्येक घरी आली. पुढे तिच्याकडे मलिदा होता, तेव्हा आम्ही सगळे होतो आणि पाटल्या तिच्या हातात होत्या.

आता भाचा हर्झलियाला एका कंपनीत पगारावर आहे. बाकीचे पैसे हप्त्याने देतो म्हणतो. आम्ही नको म्हटलं. थोरल्या मामींनी मात्र, त्याच्याच आग्रहावरून, वहीत ती ओळ उघडी ठेवली आहे.

आणि बाजार? बाजार काय, तो फिरतोच. भाच्याने कंपनीला कुलूप घातल्यावर काही महिन्यांतच, २०२४ च्या डिसेंबरात, बिटकॉइनने एक लाख डॉलर ओलांडले. २०२५ च्या मे महिन्यात ईटोरो शेवटी अमेरिकेच्या बाजारात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बिटकॉइन सव्वा लाखाच्या वर चढला आणि नोव्हेंबरात नव्वद हजारांच्या खाली उतरला. भाव परत येतो, पण बंद झालेली कंपनी भावाबरोबर परत उघडत नाही. दुष्काळात जो टिकून राहतो त्यालाच पुढचा पाऊस बघायला मिळतो. आणि टिकायला लागतात ते महिने, म्हणजे बँकेत साधे शेकेल.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भिशीवर कंपन्या उभ्या राहत नाहीत. आमची भिशी दहा बायकांची, महिन्याला पाचशे शेकेलची. तिच्यातून फ्रीज येतो, मुंबईचं तिकीट येतं, नातीच्या लग्नाची साडी येते. हायटेक तिच्यातून येत नाही. १९९३ साली सरकारने योझ्मा योजनेत दहा कोटी डॉलर घातले, धोका पत्करणाऱ्या परदेशी लोकांना इथे आणलं, म्हणून आज आपली पोरं या नोकऱ्या करतात. धोका घेणारा कोणीतरी लागतोच. पण धोका घेणं आणि न विचारता पैसे देणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आम्हाला या सगळ्यात दिसलं ते असं की २०२१ साली मोठमोठ्या लोकांनी विचारायचे प्रश्न विचारले नाहीत आणि २०२२ साली तेच प्रश्न इतक्या जोरात विचारले की ज्यांच्याकडे उत्तरं होती त्यांचंही कोणी ऐकून घेतलं नाही. सावधपणा हा मिठासारखा आहे. स्वयंपाक करताना घालायचा असतो. जेवण झाल्यावर मूठभर खाऊन उपयोग नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडेही उद्या मुलगा, भाचा, पुतण्या येईल. कधी क्रिप्टो असेल, कधी आणखी काही नवं निघेल. त्याला हाकलू नका आणि प्रेमाने आंधळे होऊन घरही गहाण टाकू नका. चहा ठेवा, लॅपटॉप मिटायला सांगा आणि ते चार प्रश्न विचारा. चौथ्या प्रश्नाला जो खरं उत्तर देईल, त्याला जमेल तेवढं जरूर द्या. लिहून द्या, सही घ्या. आणि बाहेरचा कोणी येऊन "हे कधी खाली येत नाही" असं म्हणाला, तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

सर्वांना आमचा शालोम.